नागरिक विज्ञान आणि ग्रंथालये

नागरिक विज्ञान म्हणजे व्यावसायिक शास्त्रज्ञ नसलेल्या नागरिकांनी वैज्ञानिक संशोधनात घेतलेला सहभाग होय. त्यासाठी लागणारी साधने काही सार्वजनिक ग्रंथालये पुरवतात. उदाहरणार्थ, 'ग्लोब ॲट नाइट' हा प्रकाश प्रदूषणाच्या नोंदी जमवणारा प्रकल्प २००६ साली सुरू झाला. त्यात २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५१,३५१ निरीक्षणांवरून रात्रीच्या आकाशाची तेजस्विता वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. हीच तेजस्विता मापकाने आकड्यांत मोजता येते; मात्र मापक विकत घेणे सर्वांना परवडत नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील काही ग्रंथालये असा मापक असलेला संच पुस्तकांप्रमाणेच सभासदांना घरी नेऊ देतात. या विनामूल्य देवघेवीमुळे अल्प उत्पन्न गटातील नागरिकही आपल्या वस्तीची नोंद संशोधनापर्यंत पोहोचवू शकतात.