पेज, टाकळा आणि कुटकी : बरगीच्या नर्मदातटावरील ऋतुमानाचे अन्न

१

मराठी साहित्यात किनाऱ्यावरच्या खाण्याचा विषय निघाला की वाचकाची दृष्टी सहजच पश्चिमेकडे वळते. उकड्या तांदळाची पेज, आमसुलाचे सार, आगोटीला भरून ठेवलेले सोडे आणि सुके बोंबील, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दारावर येणारी ताजी मासळी, अशा तपशिलांतून कोकणचा किनारा आपल्या वाङ्मयात स्थिर झाला आहे. ‘किनारा’ म्हणजे समुद्राचा किनारा हे समीकरण इतके रूढ आहे, की नदीकाठच्या अन्नाचा विचार त्याच्या शेजारी क्वचितच ठेवला जातो. तथापि मराठी गद्याने आणखी एक किनारा दीर्घकाळ आपलासा केला आहे, आणि तो म्हणजे नर्मदेचा. या किनाऱ्याला परिक्रमावासी ‘तट’ म्हणतात.

प्रस्तुत निबंधात या तटाचा एक मर्यादित भाग, जबलपूर जिल्ह्यातील बरगी आणि तिच्या वरच्या अंगाचे मंडला व सिवनी जिल्ह्यांतील खोरे, विचारासाठी घेतला आहे. येथील ऋतुमानाचे अन्न कोकणच्या अन्नाशी ताडून पाहिले असता काही अनपेक्षित साम्ये हाती लागतात. ही साम्ये पाकशास्त्राची नव्हेत. ती भाषेची आणि सामाजिक प्रतिष्ठेची आहेत. त्याचबरोबर येथे एक ऐतिहासिक खंडही पडला आहे. १९९० साली बरगीचे धरण पूर्ण झाले आणि ज्या तटावर हे अन्न पिकत, मिळत व वाटले जात होते तो तटच पाण्याखाली गेला. मराठीतील परिक्रमावाङ्मयाचे वाचन या घटनेच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन प्रकारे करावे लागते, हे दाखविणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२

बरगी हे गाव जबलपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर, नर्मदेच्या दक्षिणेस आहे. हा सारा प्रदेश गढा-मंडल्याच्या गोंड राज्याचा. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी ते राज्य जिंकले. १७९८ मध्ये पेशव्यांकडून तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या अखेरीस जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाल्यापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. कारकुनी, वकिली, शिक्षण आणि रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे या काळात नर्मदेकाठी स्थायिक झाली. मराठी भाषकांचा या तटाशी असलेला संबंध त्यामुळे केवळ यात्रेकरूचा नाही. तो शेजाऱ्याचाही आहे.

या शेजारात कालगणनेचा एक भेद आहे आणि तो थेट ताटापर्यंत पोचतो. परंपरेने नर्मदा ही पंचांगांची सीमा मानली जाते. दक्षिणेकडील मराठी पंचांग अमान्त, तर उत्तरेकडील पौर्णिमान्त. त्यामुळे जबलपुरातील मराठी घराचा श्रावण हिंदी भाषक शेजाऱ्याच्या सावनानंतर पंधरा दिवसांनी सुरू होतो. पाऊस तोच, बाजारातील भाजी तीच, पण वर्ज्यावर्ज्याचा काळ एका भिंतीच्या दोन बाजूंना वेगवेगळा. मराठी मातृभाषा असलेल्या काका कालेलकरांनी गुजरातीत लिहिताना नर्मदेला ‘उभयान्वयी’ म्हटले. दोन पदांना जोडणाऱ्या अव्ययाला व्याकरणात हीच संज्ञा आहे. जोडणारे पद दोन्ही बाजूंचे वेगळेपण पुसत नाही, हा त्या संज्ञेचा अर्थ या दोन श्रावणांत चांगला प्रत्ययाला येतो.

३

आता अन्नाकडे वळू. तुलनेसाठी तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण पेजेचे. कोकणात पेज म्हणजे तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून केलेले पातळ अन्न. मंडल्याच्या बाजूचे गोंड आणि बैगा जे अन्न रोज घेतात त्याचेही नाव पेजच. मात्र तेथे भांड्यात तांदळाच्या जागी कोदो, कुटकी किंवा मका असतो. उन्हाळ्यात शेतावर किंवा जंगलात जाणारा माणूस वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात ही पेज भरून नेतो. तहान आणि भूक दोन्ही तिच्यावर भागतात. आयुर्वेदात मंड, पेया, विलेपी अशी शिजवलेल्या धान्याची प्रतवारी आहे आणि ‘पेज’ हा शब्द ‘पेया’शी जोडला जातो. ग्रंथात रुग्णाचे पथ्य म्हणून नोंदलेले अन्न दोन दूरच्या प्रदेशांत कष्टकऱ्याचे नित्याचे अन्न असल्याचे आढळते. येथे शब्द एक आहे आणि धान्ये दोन.

दुसरे उदाहरण नेमके उलटे. पहिल्या पावसानंतर कोकणात टाकळ्याची कोवळी पाने खुडून भाजी करतात. नर्मदेच्या या खोऱ्यात तीच वनस्पती त्याच दिवसांत खुडली जाते; तिला चरोटा किंवा चकौडा म्हणतात. दोन्हीकडे ती पेरली जात नाही, विकत घ्यावी लागत नाही, आणि पाने जून झाली की कोणी तिच्याकडे पाहत नाही. साठवण संपत आलेली असते आणि नवे पीक अद्याप उभे राहिलेले नसते, अशा आषाढातील अडचणीच्या आठवड्यांत ती उपयोगी पडते. येथे पाला एक आहे आणि नावे दोन.

तिसरे उदाहरण कुटकीचे असून तेच सर्वांत विचार करायला लावणारे आहे. मराठी घरात एकादशीला शिजणारी वरई आणि गोंडांच्या घरातील कुटकी हे एकच तृणधान्य. महाराष्ट्रात विकसित झालेल्या वरईच्या एका वाणाला ‘फुले एकादशी’ असे नाव आहे. म्हणजे बियाण्याच्या नावातच उपवास आला. याउलट नर्मदेच्या डोंगराळ काठावर हेच धान्य पडीक, उतरत्या, निकृष्ट जमिनीत येते म्हणून गरिबाचे मानले गेले. कोदोचीही तीच गत. कोकणात हरीक या नावाने ते वरकस जमिनीत घेतले जाई आणि त्यालाही प्रतिष्ठा नव्हती. एका ताटात व्रताचे पावित्र्य आणि दुसऱ्या ताटात दारिद्र्याची खूण, असे एकाच दाण्याचे दोन सामाजिक अर्थ झाले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि या धान्यांना शासनाने ‘श्री अन्न’ हे नाव दिले. नव्या नावाने दाण्याची किंमत वाढेल; परंतु पिढ्यान्‌पिढ्या तो दाणा खाणाऱ्या घराची प्रतिष्ठा नावाबरोबर आपोआप वाढत नाही, हे येथे नोंदविले पाहिजे.

४

या तीन पदार्थांभोवती तटाचे संपूर्ण वर्ष उभे होते. पावसाळ्यात रानभाज्या आणि सालवनातील ‘पिहरी’ नावाची अळिंबी. भाद्रपद-आश्विनात कुटकी आणि मागोमाग कोदो. कार्तिकात ढीमर समाजाने तळ्यांतून काढलेले शिंगाडे. थंडीत जबलपूरचा प्रसिद्ध मटार, आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या जाड गक्कडांबरोबर वांग्याचा भरता. गक्कड-भरता हे महाकोशलातील नदीकाठच्या सहभोजनाचे ठरलेले जेवण. शेतात, घाटावर, चार घरे एकत्र आली की ते होते. त्यानंतर चैत्रात पहाटे वेचलेली मोहफुले, चारोळी आणि तेंदूची फळे.

नदीची स्वतःचीही दोन पिके होती. पूर ओसरल्यावर काठावर गाळाची सुपीक जमीन उघडी पडे. तिला ‘कछार’ म्हणतात. तीत गहू, हरभरा आणि डाळी निघत. उन्हाळ्यात पाणी आणखी उतरले की केवट आणि ढीमर वाळूत खड्डे करून त्यांत खत घालीत आणि टरबूज, खरबूज, काकडी यांचे वेल लावीत. नदी किती उतरेल याचा अंदाज हीच या शेतीतील विद्या होती. मासळीतील मान महाशीरचा. वाहत्या, खडकाळ पाण्यात वर चढत जाणारा हा मासा नर्मदेची ओळख होता, आणि २०११ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्यमत्स्याचा दर्जा दिला. कोकणात मासेमारीचा पावसाळी विराम नारळी पौर्णिमेच्या विधीने संपतो. मध्य प्रदेशात कायद्याने १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंदीचा काळ आहे. एकीकडे विधी आणि दुसरीकडे कायदा असला तरी माशाला अंडी घालू द्यावीत, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे.

५

परिक्रमावाङ्मयाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. नदी उजव्या हाताला ठेवून, ती कोठेही न ओलांडता चालायचे, चातुर्मासात एका जागी थांबायचे आणि संग्रह करायचा नाही, हे परिक्रमेचे परंपरागत नियम. तटावरच्या घरातून किंवा आश्रमातून पीठ, डाळ, मीठ असा शिधा मिळतो; त्याला ‘सदावर्त’ म्हणतात. तो घेऊन यात्रेकरू काठावर टिक्कड भाजतो. ज्याच्याजवळ उद्याचे धान्य नाही, त्याला आजच्या गावात आजच्या ऋतूत जे असेल तेच खावे लागते. स्थानिक आणि ऋतुमानाचे अन्न ही आज नागर वर्गाची हौस झाली आहे. परिक्रमेत ती असंग्रहाच्या व्रताची अपरिहार्य निष्पत्ती होती.

गोपाळ नीलकंठ दांडेकरांचे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या धरणपूर्व तटावरील भ्रमणातून घडले. जबलपूरनिवासी अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये जबलपूरहून मंडल्याच्या दिशेने आपली पदयात्रा सुरू केली, तेव्हाही बरगीच्या वरचा काठ चालता येत होता. त्यांच्या ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती ग्रंथाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदेऽऽ हर हर’ मात्र धरणानंतरच्या काळातील आहे. या वाङ्मयात अन्न येते ते बहुधा कृपेच्या रूपात. अनोळखी दार उघडते, कोणी माउली पीठ घालते, आणि लेखक त्यात नर्मदामाईचा हात पाहतो. या श्रद्धेचा मान राखूनही अभ्यासकाला एक प्रश्न विचारावा लागतो. ते पीठ कोणत्या शेतातून आले? देणाऱ्या घराची कणगी त्या महिन्यात किती भरलेली होती? घेणाऱ्याची कृतज्ञता ग्रंथात आली. देणाऱ्याचा हिशोब आला नाही. कछारातील गहू, रानातील मोह आणि नदीतील मासळी यांच्या आधारावर हे औदार्य उभे होते. सदावर्त ही धार्मिक संस्था होती, तशीच ती तटाच्या सुपीकतेची एक वाटणीही होती.

६

बरगी धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले. नर्मदेच्या मुख्य प्रवाहावर पूर्ण झालेल्या मोठ्या धरणांतील हे पहिले. राणी अवंतीबाई लोधी सागर या नावाचा त्याचा जलाशय सुमारे ७५ किलोमीटर लांब पसरला आणि मंडला, सिवनी व जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ लागली. धरणाने वीज दिली, खालच्या भागात सिंचन नेले. हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु जी जमीन बुडाली ती मुख्यतः काठाची, म्हणजे गाळाची होती. विस्थापितांपैकी अनेकांना जबलपुरात रिक्षा ओढून किंवा बांधकामावर मजुरी करून पोट भरावे लागले. काल जे यात्रेकरूला शिधा देत होते, ते आज रोजच्या शिध्यासाठी शहरात आले.

जलाशयालाही काठ असतो, पण त्याचा ऋतू वेगळा. उन्हाळ्याकडे पाणी उतरते आणि बुडालेली शेते पुन्हा वर येतात. त्यांत रब्बीची पेरणी साधेल की नाही हे आता पावसाइतकेच दारे उघडण्याच्या वेळापत्रकावर ठरते. म्हणूनच पातळी हिवाळ्यात वेळेवर उतरवावी, ही विस्थापितांची एक प्रमुख मागणी राहिली. धरणाच्या खाली वाळूतील वेलांना वरून अवेळी सुटणाऱ्या पाण्याचे भय आहे. माशांतही पालट झाला. वाहते पाणी मागणारा महाशीर मागे पडला आणि सोडलेल्या बीजापासून वाढणारे कतला, रोहू, मृगळ पुढे आले. १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाला या जलाशयातील मासेमारीचा हक्क पाच वर्षांसाठी मिळाला. ज्या पाण्याने शेत नेले त्याच पाण्यातील पीक आपले असावे, हा त्या लढ्यातील दावा होता, आणि मध्य प्रदेशातील तवा जलाशयावर दोन वर्षांनी घडलेल्या अशाच प्रयोगाच्या आधीचा तो महत्त्वाचा टप्पा आहे. यातून शेतकऱ्याचा मच्छीमार झाला. पेजेशेजारी मासा आला, तो आवडीने नव्हे, शेत गेल्यामुळे.

७

कोकण आणि बरगी यांची तुलना येथे पुन्हा करता येईल. समुद्राचा किनारा आपल्या ऋतूंसह बव्हंशी जागेवर आहे. त्याच्या अन्नावर लिहिणारा लेखक आपली आठवण किनाऱ्यावर जाऊन पडताळू शकतो. बरगीच्या वरच्या तटाविषयी ही सोय उरलेली नाही. परिक्रमावासी आता जलाशयाच्या कडेने लांबचा वळसा घेतो. दांडेकर आणि वेगड ज्या काठाने गेले तो काठ पाण्याखाली आहे, आणि त्यांच्या ग्रंथांतील भाकरी, डाळ, ताक यांचे साधे उल्लेख आता ऐतिहासिक साधन झाले आहेत. ते साधन अपुरे आहे, कारण ते पाहुण्याचे आहे. त्याची पूर्ती देणाऱ्यांच्या स्मृतीतून, म्हणजे गोंड, केवट आणि ढीमर घरांतील गाणी, म्हणी व भाज्यांची नावे यांतूनच होऊ शकेल. ते काम मराठी, हिंदी आणि गोंडी या तिन्ही भाषांच्या अभ्यासकांनी मिळून करावे लागेल, आणि धरणापूर्वीच्या कछारात पेरणी केलेली पिढी हयात आहे तोवरच ते होण्यासारखे आहे.

चरोटा अजूनही आषाढात उगवतो. त्याला कछार लागत नाही. वाटेची कड पुरते. पुनर्वसनाच्या वस्तीतील बाई तो खुडते तेव्हा ती कोकणातील बाईप्रमाणेच पाने कोवळी आहेत ना एवढेच पाहते. एका पाल्याच्या दोन नावांपासून सुरू होणारा तुलनेचा अभ्यास तिच्या कणगीपर्यंत पोचला, तरच तो पूर्ण झाला असे म्हणता येईल.