कातळ, छिन्नी आणि निर्वात भट्टी

मराठवाड्यातल्या बोअरचा इतिहास सांगताना श्रेय कॉम्प्रेसरला मिळते, वीजपंपाला मिळते, १९७२ च्या दुष्काळाला तर हमखास. हवा काढून घेतलेल्या भट्टीला ते कुणी देत नाही. माझ्या मते तिचा वाटा मोठा आहे, आणि जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात तो नीट कळतो. यादवकालीन मंदिरे, मानस्तंभ, बारव असे सारे काळ्या पाषाणातले काम या एका गावात आहे. हा पाषाण लोखंडी छिन्नीला वश होतो, पण तिची धार खातो. म्हणून पाथरवटाच्या जोडीला लोहाराचा भाता हवाच: बोथटलेले हत्यार तापवायचे, ठोकून टोक काढायचे, पाणी पाजायचे आणि पुन्हा दगडावर धरायचे. बारव अशाने होते. पण सहा इंची भोकात दोनशे फूट खाली गेलेले हत्यार घडोघडी लोहाराकडे कसे न्यायचे?

ही अडचण टंगस्टन कार्बाइडने सोडवली. जर्मनीत कार्ल श्रोटरने १९२३ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे क्रुपने ते ‘विडिया’ नावाने विकायला काढले. कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये कालवून दाबतात आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजतात. कार्बाइड वितळत नाही. कोबाल्ट वितळून कणाकणांत शिरतो आणि तुकडा लांबी-रुंदीत जवळजवळ पाचव्या हिश्शाने आकसतो. भट्टीत हवा राहिली की कार्बन जळतो, आणि तो किंचित कमी पडला तरी माल ठिसूळ निघतो. सुरुवातीला हायड्रोजनवर भागवले जाई. नंतर निर्वात भट्टी रूढ झाली. बाहेर पाण्याने गार ठेवलेले पोलादी कवच, आत ग्रॅफाइटचे तापक. कार्बाइडच्या हत्यारांसाठी नाव असलेली सँडविक कंपनी १९६० मध्ये पुण्याजवळ दापोडीला आली.

कुणी म्हणेल, कॉम्प्रेसर नसता तर हत्याराच्या तोंडात बसवलेली ही कार्बाइडची बटने घेऊन काय केले असते? खरे आहे. पण हवेवर चालणारी ठोकयंत्रे कार्बाइडच्या आधीपासून होती. त्यांची पोलादी टोके काही फुटांतच बोथट होत आणि पुन्हा लोहारकाम निघे. गंमत अशी की दाबलेल्या हवेचा हातोडा कातळावर टिकला तो हवेविना भाजलेल्या बटनांमुळे. भोक पडल्यावर पाणी वर काढायचे होतेच; शेजारच्या जालन्यातल्या मिशनने आणि सोलापूरच्या वेल सर्व्हिसने अशाच अरुंद बोअरसाठी मजबूत हातपंप घडवले. त्यांच्या अनुभवातून पुढे ‘इंडिया मार्क टू’ हातपंप आला.

दुसरा आक्षेप मात्र मी खोडत नाही. बारवेतून झरा देईल त्याहून जास्त उपसा करता येत नसे; बोअरला ती मर्यादा राहिली नाही, आणि पाणी खाली गेले त्याचा दोष या धारेकडेही जातो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून शेतीसाठी ती घेण्यावर निर्बंध घातले आहेत. बोअरची गाडी बोलावण्याआधी ते कलम वाचावे.