सुप्याचा बाजार आणि अमेरिकेतलं युद्ध

मंडळी, शनिवार आहे, ऑफिसचा फोन शांत आहे, तेव्हा आज थोडा इतिहास.

जागतिक इतिहास लिहायचे ढोबळ दोन मार्ग. एक तुलनेचा: दोन प्रदेश शेजारी ठेवायचे आणि इथे हे घडलं, तिथे का नाही, असं विचारायचं. मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकाराने १९२८ साली याची जोरदार वकिली केली. दुसरा जोडणीचा: माल, पैसा, माणसं कुठून कुठे गेली त्याचा माग काढायचा. १९९७ साली संजय सुब्रह्मण्यम यांनी तो आग्रहाने मांडला. सध्या चलती दुसऱ्याची आहे. मलाही तोच आवडतो, कारण गोष्ट झकास जमते. पण भानगड तिथेच आहे!

उदाहरण घ्या. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तिथूनच यायचा, तो आटला. मागणी मुंबईकडे वळली, भाव कडाडले, शेअर बाजाराला वेड लागलं. १८६५ साली युद्ध संपलं आणि फुगा फुटला. आता दहा वर्षं पुढे या. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. त्यांना हवी होती कर्जखतं. मिळाली तेवढी जाळली. लोण पुणे-नगरच्या तीसएक गावांत पसरलं.

झालं, लिंकनपासून सुप्यापर्यंत सरळ रेघ! तेजीत सावकाराने सढळ हाताने दिलं, मंदीत हात आखडला, दंगा झाला. बऱ्याच पुस्तकांत अशीच येते ही गोष्ट.

पण आता तुलना लावून बघा. कारण कापूसच असेल तर भडका खानदेश-वऱ्हाडात आधी उडायला हवा, कापूस तिथला. उडाला कुठे? ज्वारी-बाजरीच्या दुष्काळी पट्ट्यात. म्हणजे टेस्ट फेल.

मग जोडणी खोटी? तसंही नाही. कापसाच्या पैशाने मुंबई इलाख्यात सगळ्याच वस्तू महागल्या, रेल्वेच्या कामांनी त्यात भर घातली. सरकारने नव्याने सारा ठरवताना हे चढे भाव धरले. पुढे भाव उतरले, सारा मात्र चढाच राहिला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. साध्या खताची मुदत तीन वर्षं, म्हणून सावकार दर खेपेला व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घ्यायचा. धागा सुप्याला पोचला, पण कापसाच्या शेतातून नव्हे, कचेरीतून. हा फरक मला किरकोळ वाटत नाही. सगळं दूरच्या युद्धावर ढकललं की सारा वाढवणारा साहेब अलगद सुटतो.

जाता जाता इजिप्त. तिथेही हीच कापसाची तेजी, पण तिथे गळ्यापर्यंत कर्जात बुडाला तो खुद्द राज्यकर्ता, खेदिव इस्माइल. १८७६ साली त्याची देणी थकली, १८८२ साली इंग्रज फौज उतरली.

आपल्याकडे १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा आला. सुरुवातीला तो चारच जिल्ह्यांना होता: पुणे, नगर, सोलापूर, सातारा. कापूसवाला खानदेश त्यात नव्हता.