तबकड्यांची पारख

ग्रंथसंग्रहाची योग्यता ग्रंथांच्या संख्येवरून ठरवावयाची नसते, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. परंतु हीच गोष्ट अमेरिकेंतील एका हौशी वर्गास पदरचे पैसे खर्चून शिकावी लागली. तो वर्ग म्हणजे संगणकावरील बुलेटिन बोर्ड चालविणाऱ्यांचा होय.

१९७८ च्या फेब्रुवारींत वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनीं शिकागो येथें अशा बोर्डाचा पाया घातला. मोडेम नांवाच्या यंत्राच्या साह्यानें, टेलिफोनच्या तारेवरून, परक्याच्या संगणकाशीं संधान बांधावयाचें. तेथें निरोप ठेवावयाचे आणि प्रोग्राम उतरवून घ्यावयाचे, असा हा व्यवहार होता. चालक बहुधा साधा गृहस्थ असे. यंत्र त्याच्याच घरीं असे व टेलिफोनचा खर्चही तोच सोशी. पुढें १९८२ सालीं अँड्र्यू फ्लुगेलमन व जिम नॉफ यांनीं आपापले प्रोग्राम लोकांस मुक्तपणें वांटावयास दिले. आवडल्यास कर्त्याकडे पैसे पाठवावे, एवढीच अट. ह्या पद्धतीस पुढें शेअरवेअर हें नांव रूढ झालें, आणि बुलेटिन बोर्ड ही तिची पेठ बनली.

परंतु ह्या पेठेंत माल येई तो मुंगीच्या पावलानें. सेकंदास २४०० बिट वाहणाऱ्या मोडेमनें एक मेगाबाइट आणावयास तासाहून अधिक वेळ लागे. उलट एका सीडी-रॉम तबकडींत सुमारें ६५० मेगाबाइट मावत. न्यू मेक्सिकोंतील व्हाइट सँड्स येथें अमेरिकन लष्कराच्या संगणकावर सिमटेल नांवाचा मोठा संग्रह होता. तो कॅलिफोर्नियांतील वॉलनट क्रीक ह्या कंपनीनें तबकडीवर आणून विकला. इतरही विक्रेते पुढें सरसावले. एक तबकडी घेतली कीं हजारों फाइलींचें भांडार घरीं आलें, असा मोह कोणास पडणार नाहीं?

येथेंच पारखीचा प्रश्न उभा राहिला. वेष्टणावर फाइलींचा आंकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असे. परंतु जाणता चालक प्रथम यादी पाही. प्रत्येक फाइलीपुढें एका ओळींत तिचें वर्णन देणारी यादी तबकडीवर नसेल, तर बोर्डावर येणाऱ्यास केवळ आठ अक्षरांचीं गूढ नांवें दिसत, आणि सारें भांडार असून नसल्यासारखें होई. मग दुसरे प्रश्न येत. एकच प्रोग्राम दोनदां घालून संख्या फुगविली आहे काय? जुनी आवृत्ति नवीन म्हणून दिली आहे काय? गांठोडीं शाबूत आहेत ना, त्यांत विषाणु नाहीं ना? बिघडलेली फाइल दिली तर लोक तबकडीच्या विक्रेत्यास नव्हे, चालकास बोल लावीत. पत जाई ती त्याची.

ह्याहून नाजूक प्रश्न कर्त्याच्या हक्काचा होता. तबकडीची किंमत दिली म्हणजे प्रोग्रामांचेंही मोल चुकलें, असा समज होणें सोपें असे. वास्तविक ती किंमत संग्राहकाच्या श्रमाची. कर्त्याचें देणें तसेंच उरे. ही गोष्ट स्पष्टपणें सांगणारी तबकडी प्रामाणिक, व ती झांकणारी अप्रामाणिक, असें आम्ही म्हणूं.

१९९० नंतरच्या दशकांत इंटरनेट घरोघर पोंचलें, आणि बहुतेक बोर्ड बंद पडले. त्या तबकड्यांपैकीं पुष्कळशा आज इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेनें जतन केल्या आहेत. नवल असें कीं, जुन्या आवृत्ति हा जो तेव्हां दोष, तोच आज इतिहासकारास लाभ वाटतो; कारण त्या अन्यत्र सांपडणें कठीण. मात्र एका बाबतींत तेव्हांच्या चालकाची कसोटी व आजच्या अभ्यासकाची कसोटी एकच आहे. ज्या तबकडीस नीट यादी आहे ती बोलते; जीस नाहीं ती मुकी राहते. संग्रह करणारे हात पुष्कळ असतात. परंतु काय जमविलें हें चार शब्दांत लिहून ठेवणारा विरळा, आणि पुढील पिढी ऋणी राहते ती त्याचीच.