पाठिंबा दिला, मग जाब कोण देणार?

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये एक कागद हमखास फिरतो. वर संघटनेचे नाव, मध्ये बाबासाहेबांचा फोटो आणि खाली 'जाहीर पाठिंबा'. अमुक उमेदवार समाजाच्या पाठीशी उभा राहील, म्हणून त्याला प्रचंड मतांनी निवडून द्या. त्याखाली पाच-दहा सह्या. अशाच एका पत्रावर मीही एकदा सही केली होती. उमेदवार निवडून आला. दीड वर्षाने तालुक्यात ॲट्रॉसिटीचे प्रकरण घडले, तेव्हा साहेबांचा फोन सतत बिझी लागत होता. पीडित कुटुंबातील म्हातारी मला एवढेच म्हणाली, "तूच सांगितलं होतंस ना रे, यांनाच मत द्या म्हणून?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हा लेख. आमदाराला जाब विचारणे सोपे आहे, तो आपण रोज फेसबुकवर विचारतो. पण ज्याने पाठिंबा दिला त्याने समाजाला काय उत्तर द्यायचे? हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. त्याचा इतिहास नव्वद वर्षांचा आहे, आणि तो नीट वाचला तर उत्तरही सापडते.

सुरुवात पुणे करारापासून करावी लागते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात करार झाला. जातीय निवाड्यातील ७१ जागांऐवजी १४८ राखीव जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. बाबासाहेबांचा आक्षेप जागांच्या आकड्यावर नव्हता, निवडून आलेला माणूस कोणाला बांधील राहील यावर होता. संयुक्त मतदारसंघात अस्पृश्य उमेदवार निवडून येणार सवर्णांच्या मतांवर, मग तो अस्पृश्यांना कशाला जुमानेल? म्हणजे राखीव जागेवर आपला माणूस बसला तरी तो आपल्याला जबाबदार असेलच असे नाही. ही त्रुटी आजही तशीच आहे, आणि म्हणूनच पाठिंबा हे आपल्याकडे उरलेल्या थोड्या हत्यारांपैकी एक आहे. ते फुकट वाटून टाकायचे नसते.

बाबासाहेबांनी हे हत्यार कसे वापरले ते पाहा. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि जाहीरनामा छापून लोकांसमोर ठेवला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने पाळवणकर बाळू यांना उभे केले. बाळू म्हणजे अस्पृश्य समाजातून आलेला त्या काळचा थोर क्रिकेटपटू. खुद्द बाबासाहेबांनी तरुणपणी त्यांचा गौरव केला होता. लढत चुरशीची झाली. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. यातून एक गोष्ट शिकावी. माणूस मोठा आहे, आपल्या समाजाचा आहे, आपल्याला त्याचा अभिमान आहे, एवढ्यावर त्याचे राजकारण पाठिंब्यास पात्र ठरत नाही. आदर वेगळा, मत वेगळे.

निवडून आल्यावर काय झाले? जाहीरनाम्यात कुळांना संरक्षण देण्याचे वचन होते. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारविरोधी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला, त्यात कम्युनिस्टांना बरोबर घेतले. वचन, विधेयक, रस्त्यावरची लढाई, हा क्रम लक्षात ठेवा. लोकांना मत मागताना जे सांगितले त्याचा हिशेब सभागृहात आणि सभागृहाबाहेर दिला.

दुसरे उदाहरण त्याहून मोठे. १९४७ साली बाबासाहेब नेहरूंच्या मंत्रिमंडळात गेले. आयुष्यभर ज्या पक्षावर टीका केली त्याच्या सरकारात गेले, पण त्या पक्षात गेले नाहीत. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला संसदेत निवेदन करायचे होते. उपसभापतींनी त्याची प्रत आधी मागितली, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. हिंदू कोड बिल बाजूला सारले गेले, अनुसूचित जातींच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष झाले, मागासवर्गीयांसाठी आयोग नेमला गेला नाही, परराष्ट्र धोरणाशी मतभेद होते. एकेक कारण त्यांनी नोंदवले. मी आत का गेलो, आत काय झाले आणि बाहेर का आलो, हे लोकांना लेखी सांगणारे किती नेते आज आपल्याकडे आहेत?

त्याच महिन्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जाहीरनामा आला. युती कोणाशी करणार नाही, हे त्यात मतदानाच्या आधी नावे घेऊन छापले होते. हिंदू महासभा आणि आरएसएस यांच्यासारख्या प्रतिगामी संघटनांशी नाही, आणि कम्युनिस्ट पक्षाशीही नाही. समझोता झाला तो समाजवाद्यांशी. निकाल काय लागला? १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. सोबतचे अशोक मेहताही हरले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत दुहेरी मतदारसंघ होता. दुसरे मत कुजवावे म्हणजे बाबासाहेबांचे पारडे जड होईल, असा काही कार्यकर्त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही, ही आठवण जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. म्हणजे दिलेला शब्द त्यांनी स्वतःच्या पराभवाची किंमत मोजून पाळला. म्हणूनच अटी घालण्याचा अधिकारही त्यांना होता.

आता महापरिनिर्वाणानंतरचा काळ. १९५७ साली फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. भाषावार राज्य हा मुद्दा स्पष्ट होता, वाटा स्पष्ट होता. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून, बी. सी. कांबळे कोपरगावमधून लोकसभेत गेले. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. पुढे दुरुस्त-नादुरुस्तचा वाद झाला, तरी ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. पक्षाची खरी ताकद तीच होती.

आणि मग १९६७ आले. जिल्हा परिषदांच्या निवडणुकीसाठी दादासाहेबांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी युती केली. इथे दादासाहेबांना शिव्या देण्याची फॅशन आहे, ती मला मान्य नाही. गावातला आपला माणूस भूमिहीन, मजुरी पाटलाच्या रानात, आणि जिल्हा परिषद, पंचायत समिती, सोसायटी, साखर कारखाना सगळे काँग्रेसच्या हाती. सत्तेजवळ राहिलो तर निदान अत्याचार थांबतील, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. चूक वेगळीच होती. युतीत काय मिळाले नाही तर युती कधी मोडायची, हे ठरलेले नव्हते. पाठिंब्याला मुदत नव्हती. १९७१ च्या लोकसभेत पक्षाचा एकच खासदार राहिला. त्याच काळात एलायापेरुमल समितीचा अहवाल संसदेसमोर आला आणि देशभरातील अत्याचारांचे चित्र उघडे पडले. महाराष्ट्रात बावड्याचा बहिष्कार, ब्राह्मणगावची विटंबना घडली. सत्तेच्या मित्रपक्षाला मोठ्याने बोलता येईना. ज्यांना बोलायचे होते त्यांनी १९७२ मध्ये दलित पँथर काढली. पँथर जन्माला आली ती नेत्यांना जाब विचारता येत नव्हता म्हणून.

पँथरने पाठिंबा काढून घेण्याची ताकद काय असते ते दाखवले. जानेवारी १९७४ मध्ये मध्य दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. काँग्रेसचे रामराव आदिक उभे होते, शिवसेनेचा त्यांना पाठिंबा होता. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींच्या मैदानावरील सभेत पँथरने बहिष्कार जाहीर केला. सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चावर दगड टाकला गेला आणि भागवत जाधव शहीद झाले. निवडणुकीत आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. आपली मते गृहीत धरता येत नाहीत, हे त्या निकालाने सांगितले. पण हेही लिहिले पाहिजे की दोनच वर्षांनी, आणीबाणीत, पँथरच्याच संस्थापकांपैकी नामदेव ढसाळांनी इंदिरा गांधींच्या बाजूने भूमिका घेतली आणि 'प्रियदर्शिनी' लिहिली. कवी मोठाच, पण या पाठिंब्याचा जाब त्यांनाही विचारला गेला आणि विचारला जायलाच हवा होता. जाब फक्त लहान कार्यकर्त्याला नसतो.

२७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. मराठवाड्यात घरे जळाली, पोचिराम कांबळे, जनार्दन मेवाडे यांचे जीव गेले, आणि ठराव कपाटात गेला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधली सोळा वर्षे लाँग मार्च, तुरुंग आणि गौतम वाघमारेंचे आत्मदहन. या सोळा वर्षांत किती निवडणुका झाल्या आणि आपण किती जणांना जाहीर पाठिंबा दिला? ठराव अमलात येईपर्यंत मत नाही, असे एकमुखाने म्हटले असते तर एवढी वर्षे लागली असती का?

१९९८ ची गोष्ट तरुणांना माहीत असावी. रिपब्लिकन नेते एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले असे चार खासदार एकाच वेळी खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. तेरा महिन्यांत लोकसभा बरखास्त झाली आणि ऐक्यही टिकले नाही. प्रत्येक गटाने पाठिंब्याची वेगळी वाट धरली. २०११ मध्ये शिवशक्ती-भीमशक्तीची घोषणा झाली. ज्या शिवसेनेने नामांतराला विरोध केला, ज्या युती सरकारच्या काळात ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार होऊन दहा माणसे मेली, त्यांच्याशी हात मिळवताना या दोन प्रश्नांचा कोणता हिशेब मागितला गेला, हे समाजाला कोणी सांगितले?

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. आपण संख्येने थोडे आहोत, युतीशिवाय निवडून येत नाही, आणि कोणालाच पाठिंबा दिला नाही तर सर्वांत वाईट माणूस निवडून येतो. आक्षेप खरा आहे. बाबासाहेबांनीही युत्या केल्या. १९४६ मध्ये जोगेंद्रनाथ मंडलांच्या मदतीने ते बंगालमधून संविधान सभेत गेले नसते तर पुढचा इतिहास वेगळा असता. म्हणून पाठिंबा देऊच नका, असे मी म्हणत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका, एवढेच म्हणतो.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी सही करण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या. एक, मागण्या तीनच पण मोजता येतील अशा. 'समाजाचा विकास' ही मागणी नव्हे. गायरानाचे पट्टे, वसतिगृह, ॲट्रॉसिटीच्या प्रत्येक गुन्ह्यात पीडितांना ठाण्यात सोबत, या मागण्या आहेत. दोन, मुदत. वर्षभराने वस्तीत जाहीर सभा आणि उमेदवाराने तिथे हजर राहून उत्तर देणे. तीन, पाठिंबा कोणत्या कारणाने काढला जाईल ते आधीच छापणे. चार, पाठिंब्याच्या बदल्यात सही करणाऱ्याला काय मिळाले, पद, ठेका की काहीच नाही, ते उघड सांगणे. शब्द मोडला गेला तर पाठिंबा जितक्या जाहीरपणे दिला तितक्याच जाहीरपणे मागे घ्यायचा. त्याच चौकात, त्याच लेटरहेडवर.

व्यक्तिपूजेबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत जो इशारा दिला, तो आपण जयंतीच्या भाषणांत दरवर्षी ऐकतो. पण तो फक्त दिल्लीच्या नेत्यांसाठी नव्हता. आपल्या गल्लीतल्या साहेबांसाठीही होता आणि त्यांच्यासाठी सह्या करणाऱ्या आपल्यासाठीही.

त्या म्हातारीकडे मी नंतर गेलो. चूक झाली, असे वस्तीसमोर सांगितले आणि पाठिंबा मागे घेतल्याचे पत्र काढले. तिची केस अजून चालू आहे. तारखेला आम्ही जातो.

जय भीम!