प्रमाणांची उतरंड : मदिनेपासून इंदूरपर्यंत

धर्मनिर्णय कशाच्या आधारे करावा, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांना नवा नव्हता. श्रुती, स्मृती, सदाचार अशी उतरंड त्यांनी लावली आणि विरोध आल्यास वरचे प्रमाण बलवत्तर मानले. इस्लामी धर्मशास्त्राविषयी मात्र आपल्या सुशिक्षितांची समजूत फारच सोपी आहे : कुराणात लिहिले तो कायदा. थोडे अधिक वाचलेले गृहस्थ कुराण, सुन्ना, इज्मा आणि कियास ही चार नावे क्रमाने सांगतात. हा क्रम खोटा नाही. पण तो ठरला कसा आणि चालला कसा, ही हकीकत त्या चार नावांत मावत नाही.

इ. स. ६३२ मध्ये पैगंबर निवर्तले. कुराणात नमाजाची आज्ञा आहे, पण प्रत्येक नमाजातील रकातींची संख्या नाही. चोराचा हात तोडण्याची शिक्षा आहे, पण किती किमतीच्या चोरीला, ते नाही. ठिकठिकाणच्या विद्वानांनी या जागा आपापल्या परंपरेने भरल्या. कूफ्यात अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांच्या शिष्यशाखेने तर्काला मोठे स्थान दिले. मदिनेच्या इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांचा भर त्या नगरीत चालत आलेल्या आचारावर होता. पैगंबर जेथे राहिले तेथील लोकांची वहिवाट हीच पैगंबरांच्या शिकवणीची जिवंत साक्ष, असा त्यांचा विचार. आपल्या परिभाषेत बोलायचे तर सदाचार येथे स्मृतीच्या बरोबरीने, प्रसंगी तिच्या वरही बसला.

‘मुवत्ता’ या मालिकांच्या ग्रंथात याचे मासलेवाईक उदाहरण आहे. विकणारा व घेणारा एकमेकांपासून दूर होईपर्यंत दोघांनाही सौदा मोडण्याची मुभा आहे, अशी हदीस मालिक स्वतः नोंदवतात. ती त्यांना नाफी यांच्याकडून आणि नाफींना इब्न उमर यांच्याकडून मिळालेली. हदीसशास्त्रात याहून भक्कम साखळी क्वचितच मानली जाते. आणि लगेच मालिक म्हणतात की आमच्याकडे याची ठरलेली मर्यादा नाही, तशी वहिवाटही नाही. हदीस खरी, पण व्यवहार तिच्यावर चालायचा नाही!

हे त्यांच्या एका शिष्याला पटले नाही. महंमद इब्न इद्रीस अल्‌-शाफई ७६७ मध्ये, म्हणजे अबू हनीफा वारले त्याच साली, गाझा येथे जन्मले. मक्केत वाढले, मदिनेत मालिकांपाशी शिकले, बगदादेत हनफी पंडितांशी वाद घातले आणि ८२० मध्ये इजिप्तमधील फुस्तात येथे वारले. त्यांचा सवाल रोखठोक होता. पैगंबरांचे वचन विश्वसनीय साखळीने हाती आले असता एका नगरीच्या वहिवाटीने ते बाजूला कसे सारता येईल? आणि मदिनावासीयांचे एकमत म्हणता, ते नेमके कोणाचे? गुरूच्या मतांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हनफींच्या ‘इस्तिहसान’ या सोयीच्या तर्कावर दुसरा. ‘रिसाला’ या ग्रंथात त्यांनी प्रमाणांची जी मांडणी केली, तीच पुढे सर्वतोमुखी झाली. मात्र तीत सुन्ना कुराणाच्या फार खाली नाही. सुन्ना ही कुराणाची व्याख्या; म्हणून कुराण वाचायचे तेही तिच्याच डोळ्यांनी. (आपल्या कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई आणि देशावरचे हनफी, कोकणचा अरबी समुद्रमार्गाशी जुना संबंध त्यात दिसतो.)

या क्रमाच्या समर्थनार्थ एक कथा नेहमी सांगतात. येमेनला निघालेल्या मुआझांना पैगंबरांनी न्याय कशाने करशील असे विचारले. त्यांनी कुराण, मग सुन्ना, मग स्वतःची बुद्धी असे उत्तर दिले. गंमत अशी की या कथेची साखळीच हदीसतज्ज्ञांना अखंड वाटत नाही.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची. शाफई पंथाचेच महापंडित गझाली (मृत्यू ११११) ‘अल्‌-मुस्तस्फा’ ग्रंथात सांगतात की निर्णय शोधणाऱ्याने आधी इज्मा, म्हणजे विद्वानांचे एकमत, पाहावे. कुराणातील आज्ञा पुढच्या आज्ञेने रद्द झालेली असू शकते. इज्मा रद्द होत नाही. म्हणजे प्रतिष्ठेच्या क्रमात तिसरे असलेले प्रमाण शोधाच्या क्रमात पहिले! हे ध्यानी घेतले तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

१८९७ मध्ये विधवेच्या पोटगीच्या एका दाव्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हेच धोरण धरले. प्राचीन भाष्यकारांच्या स्पष्ट मताविरुद्ध कुराणाचा अर्थ आपण लावणे योग्य नाही, असे तिने ठरविले. आणि मग इंदूर. १९३२ मध्ये विवाह झालेल्या शाहबानो यांनी १९७८ मध्ये तेथील न्यायालयात पोटगी मागितली; त्याच वर्षी पतीने तलाक दिला. दंडाधिकाऱ्याने महिना २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने १९८० मध्ये १७९ रुपये २० पैसे. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने निर्णय कायम ठेवला आणि कुराणाच्या दुसऱ्या सुरेतील २४१ व २४२ या आयतींचा थेट आधार घेतला.

उलेमांचा क्षोभ केवळ रकमेवर नव्हता. न्यायाधीशांनी मधली सारी शतके ओलांडून मूळ ग्रंथ उघडला, हे त्यांना खटकले. त्यांच्या शास्त्राच्या रीतीने हा आक्षेप सुसंगत होता, हे मान्य करायला हवे. पण भाष्यकारांचे तरी एकमत कोठे होते? तलाकनंतरची ही देणगी शाफई पंथाने सामान्यतः बंधनकारक मानली, हनफींनी बहुतेक प्रसंगी केवळ इष्ट. तिला महिनेमहाल पोटगी मात्र दोघांपैकी कोणीच म्हटले नाही, हेही सांगितले पाहिजे.

१९८६ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला की पत्नीच्या पुढील आयुष्याची तरतूद पतीने इद्दतीच्या मुदतीतच करून द्यावी. १० जुलै २०२४ रोजी तेलंगणातून आलेल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की शाहबानोंनी ज्या कलम १२५ खाली अर्ज केला होता, ते मुसलमान घटस्फोटितेलाही खुले आहे.