म्हाडा इमारतीचा पुनर्विकास: घरात ज्येष्ठ असतील तर करारात काय बघायचं?

घाटकोपरचं पंतनगर असो की अंधेरीचं डी. एन. नगर, म्हाडाच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारती पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत.

घर किती मोठं मिळतं?
विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम ३३(५) नुसार सध्याच्या चटई क्षेत्रापेक्षा ३५ टक्के जास्त. किमान ३५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३७७ चौरस फूट.

मग अडचण कुठे?
मधल्या काळात. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबं होती. करार २००८ मध्ये झाला. काम रखडलं, बिल्डरकडून मिळणारं भाडंही थांबलं. शेवटी २०२२ मध्ये म्हाडाने काम पुन्हा सुरू केलं. करारावेळी ६५ वर्षांचे असलेले आजोबा तोवर ७९ वर्षांचे झाले.

सही करण्याआधी काय विचाराल?
• भाडं ताबा मिळेपर्यंत मिळणार का? दरवर्षी वाढणार का?
• सरकारच्या ७९-अ निर्देशांनुसार प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी बिल्डरने दिली आहे का?
• काम संपवण्याची तारीख आणि उशिराचा दंड लेखी आहे का?
• घराला वारस नोंदवला आहे का?

पेन्शनवर जगणाऱ्यांसाठी जास्तीच्या चौरस फुटांपेक्षा ही उत्तरं महत्त्वाची आहेत.